किंचित न जुळलेला तंबोरा: डार्क ॲम्बियंट संगीत नऊ महिने ऐकल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मी रात्रीच्या कामाच्या वेळी डार्क ॲम्बियंट प्रकारातले, म्हणजे शब्द आणि ठेका नसलेले, लांबवलेल्या गडद स्वरांचे, सिंथेसायझरचे (विजेवर स्वर निर्माण करणाऱ्या वाद्याचे) संगीत ऐकायला सुरुवात केली. आता ऑगस्ट चालू आहे. मध्ये दोन खंड पडले, त्यांची कारणे पुढे सांगतो. ते वगळले तर आठवड्यातून पाच रात्री, रोज दीड-दोन तास, असे हे ऐकणे झालेले आहे. एखादी वस्तू बरेच दिवस वापरल्यावर तिच्याविषयी जे खात्रीने सांगता येते, ते या संगीताविषयी आता सांगता येईल असे वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

माझे काम टॉवेल आणि चादरींच्या नक्ष्या तयार करण्याचे आहे. जॅकार्डसाठीचा ग्राफ संगणकावर भरायचा, म्हणजे कोणता उभा धागा कुठे वर उचलला जाईल हे एकेका चौकटीने ठरवायचे, हे काम डोळ्यांचे आणि चिकाटीचे असते आणि ते मी रात्री दहानंतर करतो. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. मागच्या गल्लीत यंत्रमागांच्या शेड आहेत. शेडच्या आत आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. आमच्या खिडकीपर्यंत त्याची पातळ झालेली खटखट येते. लहानपणापासून कानावर असल्यामुळे तिचा त्रास होत नाही, परंतु कामात लक्ष लागेनासे झाले की नेमकी तीच ऐकू येऊ लागते.

काम करताना गाणी लावली तर शब्द मन ओढून नेतात. ख्याल लावला तर हात थांबतो, कारण गवय्या समेवर कसा येतो हे ऐकल्यावाचून राहवत नाही. नुसता पावसाचा किंवा पंख्याचा आवाज लावून पाहिला, तर दहा मिनिटांत तो ऐकूच येईनासा होतो आणि त्यामागून माग पुन्हा डोके वर काढतात. लक्ष मागणार नाही आणि तरी विरूनही जाणार नाही, असे काहीतरी मला हवे होते. शोधता शोधता या संगीतापर्यंत आलो. पहिले तीन आठवडे मात्र त्यात काय ऐकायचे हेच मला कळले नव्हते.

कळले ते आईमुळे. आई लग्नाआधी गाणे शिकलेली आहे. मिरजेहून आणलेला तिचा तंबोरा अजून आमच्या बाहेरच्या खोलीत गवसणी घालून उभा असतो. एके रात्री हेडफोनची तार सैल झाली होती म्हणून मी छोट्या स्पीकरवर एक रचना लावली होती. आई पाणी प्यायला उठली, दारात थांबून दोन मिनिटे ऐकत राहिली आणि म्हणाली, "अरे, हा तंबोरा अजून मिळालेला नाही. जोडातली एक तार किंचित उतरलीये." मी म्हटले, "अगं आई, हा तंबोरा नव्हे, यंत्र आहे." त्यावर ती म्हणाली, "असू दे की. पण दोन स्वर आहेत आणि ते जुळलेले नाहीत. ती लाट ऐकू येत नाही का तुला?"

मग मला ती लाट ऐकू आली, आणि त्यानंतर हे संगीत माझ्यासाठी पूर्वीचे राहिले नाही. गोष्ट अशी आहे. ११० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ११० कंपनांचा, एक स्वर आणि ११०.२५ हर्ट्झचा दुसरा एकाच वेळी वाजले, तर ते दोन वेगळे स्वर म्हणून ऐकू येत नाहीत. एकच स्वर ऐकू येतो आणि तो दर चार सेकंदांनी फुगतो व ओसरतो, कारण दोघांतला फरक पाव हर्ट्झ आहे. तंबोरा लावणारा माणूस याच लाटेच्या आधाराने तार जुळवतो: खुंटी पिळत जातो, लाट लांबत जाते आणि ती नाहीशी झाली की जोड, म्हणजे मधल्या एकाच स्वराच्या दोन तारा, मिळाला असे समजतो. सिंथेसायझरवर हे संगीत रचणारा याच वाटेने जातो आणि शेवटच्या पावलाआधी थांबतो. लाट नाहीशी न करता तो तिला दहा, वीस, चाळीस मिनिटे चालू ठेवतो. कान तार जुळण्याची वाट पाहत राहतात आणि ती जुळत नाही. या संगीताची जी मोहिनी म्हणतात, तिचे मूळ माझ्या अनुभवात या वाट पाहण्यात आहे.

दुसरी गोष्ट फिल्टरची. सिंथेसायझरच्या कच्च्या स्वरात मूळ स्वरासोबत वाजणारे उंच उपस्वर भरपूर असतात आणि फिल्टर त्यांतले वरचे कापून टाकतो. हा फिल्टर एखाद्या सेकंदात उघडला, म्हणजे कापलेले उपस्वर पुन्हा येऊ दिले, तर तो परिणाम म्हणून ऐकू येतो. तोच बारा मिनिटांत उघडला तर उघडताना ऐकूच येत नाही. एका रात्री मी एका चादरीची किनार भरत बसलो होतो. काम संपवून मान वर केली तेव्हा लक्षात आले की सुरुवातीला जो आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा होता, तो आता पितळेच्या घंगाळावर बोट फिरवावे तसा झाला आहे. केव्हा झाला, हे सांगता येईना. मी रचना पुन्हा पहिल्यापासून लावली, काम बाजूला ठेवले आणि नुसता ऐकत बसलो. तरीही तो क्षण सापडला नाही, कारण तसा एक क्षण त्यात नव्हताच. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे स्वरातला झणकार, जमवताना तंबोरा लावणारा घोडीवरचे तारेखालचे सूत केसभर सरकवतो आणि स्वर एकदम बोलू लागतो. येथे तेच सूत कुणीतरी बारा मिनिटे सरकवत आहे, असे म्हणता येईल.

तंबोऱ्याशी असलेले हे नाते मी ओढूनताणून जोडलेले नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत गेले आणि ला मॉन्टे यंग व टेरी रायली हे तिथले दोन मोठे संगीतकार त्यांचे शिष्य झाले. यंग यांनी लांबवलेल्या स्वरांच्या रचना १९५८ पासूनच सुरू केल्या होत्या, तेव्हा त्यांना लांब स्वर आपल्याकडून मिळाला असे म्हणणे चुकीचे ठरेल; परंतु तंबोऱ्याकडे केवळ साथीचे वाद्य म्हणून न पाहता स्वतंत्रपणे ऐकण्याची वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी त्या सहवासात पक्की झाली. त्याच किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, आणि मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळे आमच्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या परिसरात पिकतात. हे लिहिताना मला मनापासून आनंद होतो.

नऊ महिन्यांत ज्यांच्याकडे मी पुन:पुन्हा वळलो, त्या एलियान रादिग या फ्रेंच संगीतकार. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळपास तीन दशके त्यांनी एआरपी २५०० या एकाच सिंथेसायझरवर काम केले. त्याचा की-बोर्ड त्यांनी वापरलाच नाही. केवळ खटके आणि पट्ट्या सरकवून, टेपवर थर चढवत त्यांनी तासाभराच्या रचना बांधल्या. 'ट्रिलॉजी द ला मोर' ही त्यांची तीन भागांची कृती १९८८ ते १९९३ या काळातली असून तिच्यामागे तिबेटी बौद्ध साधना आहे. ती पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचा मुलगा अपघातात गेला. दुसऱ्या भागाचे नाव 'कैलाशा' आहे. या कृतीला डार्क ॲम्बियंटच्या कप्प्यात टाकणे काहींना पटणार नाही, मलाही ते पुरते पटत नाही. परंतु काळोख म्हणजे भीती असे मानणाऱ्याने ती एकदा ऐकावी असे मला आग्रहाने वाटते. त्यात भीती औषधालाही नाही.

भीतीच्या अंगाने जाणारे संगीतही मी ऐकले. वेल्समध्ये जन्मलेले ब्रायन विल्यम्स हे लस्टमॉर्ड या नावाने संगीत करतात आणि त्यांचा १९९० सालचा 'हेरसी' हा संग्रह या प्रकाराचा पाया मानला जातो. गुहा आणि तळघरे यांसारख्या जागांत केलेली ध्वनिमुद्रणे त्यात आहेत. ते ऐकताना मला विजापूरच्या गोलघुमटाची आठवण झाली. आमच्याकडून तो शंभरेक किलोमीटरवर आहे आणि सोलापूरच्या बहुतेक मुलांची एक तरी सहल तिथे गेलेली असते. वरच्या सज्जात टाळी वाजवली की ती अनेकदा परत येते, आणि तुम्ही वाजवलेली टाळी व इमारतीने परत केलेली टाळी यांतला फरक हळूहळू पुसला जातो. हा संग्रह त्या पुसल्या गेलेल्या जागेतून सुरू होतो. काम करताना मात्र तो लावू नये. मी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा ग्राफमध्ये चुका झाल्या.

ऐकण्याच्या साधनाविषयी थोडे सांगतो, कारण पहिल्या महिन्यातली माझी निराशा बरीचशी त्यामुळे होती. मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकण्यात अर्थ नाही. खालचे स्वर तो वाजवूच शकत नाही आणि उरते ते घुंई घुंई. कानात घालायच्या साध्या इअरफोनने बाहेरच्या मागांचा आवाज अडत नसे, म्हणून मी आवाज वाढवत राहिलो आणि आठवडाभरात कान दुखू लागले. शेवटी पूर्ण कान झाकणारा, तारेचा, साध्या किमतीचा हेडफोन घेतला आणि आवाज निम्म्याहून खाली आणला. आवाज फार कमी केला की मंद्र स्वर आधी नाहीसे होतात, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवले आहे. तेव्हा खर्ज जेमतेम टिकेल इतपत आवाज ठेवावा. ब्रायन इनो या इंग्रज संगीतकारांना ॲम्बियंट संगीताची वाट दिसली ती १९७५ साली, अपघातानंतर अंथरुणावर पडून असताना, फार बारीक आवाजात वाजणारी हार्पची तबकडी पावसाच्या आवाजासोबत ऐकताना, ही हकिकत मला त्यामुळेच खरी आणि जवळची वाटते.

एक तक्रारही आहे. तीन-तीन, आठ-आठ तासांच्या नावाखाली जे ध्वनिमुद्रण ठिकठिकाणी मिळते, त्यातले पुष्कळसे एकच तुकडा पुन:पुन्हा जोडून केलेले असते. असेच एक मी महिनाभर ऐकत होतो. एका रात्री उजव्या कानात बारीकसा चिरका स्वर आला, तो थोड्या वेळाने पुन्हा आला, म्हणून घड्याळ लावले. दर अकरा मिनिटांनी तो अगदी त्याच जागी येत होता. त्यानंतर ते मला ऐकवेना. आपण वाट पाहत होतो आणि समोर कुणी नव्हतेच, अशी ती भावना होती.

पहिला खंड फेब्रुवारीत पडला. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली, तिच्या मिरवणुकीतले नंदीध्वज आले, घर पाहुण्यांनी भरले आणि त्यानंतर काहीच दिवसांत माझे काका गेले. त्या आठवड्यात सवयीने हेडफोन लावला, तेव्हा जे संगीत दोन महिने मन शांत करत होते तेच मनातले आहे ते मोठे करून दाखवू लागले. पाचव्या मिनिटाला मी ते बंद केले आणि पुढचे तीन आठवडे लावले नाही. मनावर मळभ असताना हे ऐकू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. ते आधार देत नाही. जे असेल ते लांबवते. झोप लागावी म्हणून ऐकणाऱ्यांपेक्षाही माझा अनुभव उलटा आहे: मला यामुळे झोप आली नाही, जाग अधिक स्वच्छ झाली.

दुसरा खंड उन्हाळ्याचा. एप्रिलच्या मध्यापासून सोलापुरात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात, कूलरशिवाय बसणे शक्य नसते आणि कूलरचा घरघराट बरोबर याच संगीताच्या पट्टीत असतो. जूनमध्ये पहिले दोन मोठे पाऊस झाल्यावर कूलर बंद केला आणि पुन्हा सुरुवात केली.

कामावर परिणाम झाला का, असे एका मित्राने विचारले. वेग वाढलेला नाही. पण किनारीच्या आवर्तनात एखादी चौकट चुकली तर ती मला पूर्वीपेक्षा लवकर दिसते. मागांची खटखट अजून ऐकू येते आणि ती आता नको वाटत नाही. एका शेडमधले दोन माग थोड्या वेगळ्या गतीने चालत असले की तेही काही सेकंद एकत्र येतात आणि पुन्हा सुटतात, हे मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले.

गेल्या आठवड्यात 'कैलाशा' आईसोबत, स्पीकरवर, पूर्ण ऐकली. ती शेवटपर्यंत बोलली नाही. संपल्यावर तंबोऱ्याची गवसणी काढून तिने तारा लावल्या आणि बराच वेळ नुसत्या छेडत बसली. त्या कृतीचा तिसरा भाग मी अजून ऐकलेला नाही. दिवाळीनंतर थंडी पडेल आणि रात्री पंखाही बंद ठेवता येईल, तेव्हासाठी तो राखून ठेवला आहे.