अतिथी व्याख्यान की अभ्यासभेट? आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी काय निवडावे

विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायद्याच्या उपक्रमांची जबाबदारी ज्याच्या गळ्यात पडते, त्याला सत्राच्या सुरुवातीलाच ठरवावे लागते की हाताशी असलेला तुटपुंजा निधी आणि मूट कोर्ट (अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा) व परीक्षा यांच्या कात्रीतून सुटलेले मोजके दिवस व्याख्यात्यांसाठी वापरायचे की विद्यार्थ्यांना बाहेर न्यायचे. मुंबईतील एका महाविद्यालयात ही जबाबदारी काही वर्षे सांभाळताना मी दोन्ही मार्ग वापरले आहेत. हेगच्या पीस पॅलेसची, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालय जिथे बसते त्या इमारतीची, वारी येथे विचारात घेतलेली नाही, कारण खर्चाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तेथील सुनावण्या आता घरबसल्या थेट पाहता येतात आणि सुनावणी नसेल त्या दिवशी पाहुण्याच्या वाट्याला मुख्यतः इमारतच येते.

व्याख्यानाची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. कुलभूषण जाधव प्रकरणात भारताने आपला दावा 1963च्या व्हिएन्ना करारातील कलम 36, म्हणजे वाणिज्यदूताशी संपर्क साधण्याचा हक्क, याभोवतीच का बांधला आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राची वाट त्या कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमधूनच, म्हणजे देशांनी वेगळा स्वीकारायच्या जोडकरारातूनच, का जात होती, हे 17 जुलै 2019चा निकाल नुसता वाचून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या सहसा लक्षात येत नाही. या क्षेत्रात काम केलेला वकील तेच वीस मिनिटांत उलगडून दाखवतो. शिवाय व्याख्यान शनिवारी ठेवता येते, कोणाची हजेरी बुडत नाही आणि पाहुण्याच्या प्रवासखर्चापलीकडे फारसा खर्चही येत नाही.

माझे मन व्याख्यानांवरून उडाले ते प्रश्नोत्तरांमुळे. विषय वाणिज्यदूतांचा असो, सागरी सीमांचा असो वा गुंतवणूक लवादाचा, पहिला प्रश्न येतो तो हेगला इंटर्नशिप कशी मिळते याचा. दुसरा येतो एलएल.एम. लायडनला करावे की जिनिव्हाला, आणि तिसरा शिष्यवृत्तीचा. पाहुणेही या प्रश्नांनी खुलतात, आपली वाटचाल सांगू लागतात आणि आभारप्रदर्शनाची वेळ होते. विद्यार्थ्यांची चिंता खरी आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शन सत्र ठेवलेही पाहिजे. पण ज्यासाठी त्या व्यक्तीला बोलावले, तो कायदा तिला कोणी विचारतच नाही. प्रश्न आधी लेखी मागवून पाहिले, तरी फारसा फरक पडला नाही.

अभ्यासभेट म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बंदर येते. न्हावाशेवाला अवश्य जावे, मात्र तेथे परवानग्यांचा पत्रव्यवहार बराच करावा लागतो आणि बसच्या खिडकीतून कंटेनरांच्या रांगा दिसतात. त्यातला कायदा शिक्षकालाच सांगावा लागतो. माझा कल आहे तो मुंबई उच्च न्यायालयातील ॲडमिरल्टीच्या, म्हणजे जहाजांविषयीच्या सागरी दाव्यांच्या, कामकाजाकडे. जहाज अटकावून ठेवण्याचा अर्ज बहुधा तातडीचा आणि एकतर्फी असतो. वकील उभे राहून सांगतात की जहाज नांगरावर आहे आणि रात्री सुटणार आहे. त्याची सध्याची जागा दाखवणारा कागद न्यायमूर्तींकडे जातो, अटक चुकीची ठरल्यास भरपाई देण्याची हमी तपासली जाते, तारणाची रक्कम ठरते आणि आदेश होतो. त्या आदेशाची बजावणी नगरपालांच्या (शेरिफच्या) कार्यालयाकडून होते, हे ऐकून मुंबईचे नगरपाल हे केवळ मानाचे पद समजणारी मुले चकित होतात.

बाहेरच्या व्हरांड्यात आल्याबरोबर प्रश्न सुरू होतात आणि ते वेगळे असतात: जहाज पनामाच्या ध्वजाचे, मालक ग्रीक, इंधन भरले आखाताजवळच्या फुजैरा बंदरात, मग पैशांचा दावा मुंबईत कसा चालतो? येथून एम. व्ही. एलिझाबेथ प्रकरणाकडे सहज वळता येते. ते जहाज 1984मध्ये मुरगाव बंदरातून माल घेऊन बेल्जियमकडे निघाले आणि पुढे विशाखापट्टणमला अटकावले गेले. 1992मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचे सागरी अधिकारक्षेत्र व्यापक असल्याचे सांगताना, भारताने न स्वीकारलेल्या 1952च्या ब्रुसेल्स करारातील तत्त्वांचाही आधार घेतला. न स्वीकारलेला करारही देशातील न्यायालयात कसा उपयोगी पडतो, हा मुद्दा वर्गात पुन्हा पुन्हा सांगूनही रुजत नव्हता. या भेटींनंतर उत्तरपत्रिकांत तो न विचारता येऊ लागला, असे मला तरी वाटते. 2017चा ॲडमिरल्टी कायदा 1 एप्रिल 2018पासून लागू झाल्यावर असे दावे कोणत्या उच्च न्यायालयांत चालतात याबद्दलचा गोंधळ बराच कमी झाला असला, तरी जुना निकाल आधी शिकवणे मला अजूनही सोयीचे वाटते.

तोटे आहेतच. भेट कामकाजाच्या दिवशीच ठेवावी लागते, त्यामुळे इतर विषयांचे शिक्षक नाराज होतात. मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, असूनही पुकारले जात नाही किंवा पुढची तारीख पडते. मागच्या बाकांवर अर्धे बोलणे ऐकू येत नाही, आणि मोठा गट नेला तर दालनात उभे राहायलाही जागा उरत नाही. म्हणून गट लहान ठेवावा आणि बोर्ड आदल्या संध्याकाळी पाहून मगच मुलांना निरोप द्यावा. शंभर विद्यार्थ्यांना एकाच वेळी काही द्यायचे असेल, तर व्याख्यानाला पर्याय नाही. पंधरा-वीस जणांना खरोखर गोडी असेल, तर मी न्यायालयच निवडेन आणि त्यानंतरच्या आठवड्यात सागरी कायद्याच्या वकिलाला वर्गात बोलावेन, तेही व्याख्यानाशिवाय, केवळ मुलांनी त्या दिवशी वहीत टिपलेल्या प्रश्नांसाठी.