लाँगस्वोर्ड किती आली? स्पर्धेत उतरावं की ‘प्राइझ’ खेळावं?

वर्ष-दीड वर्ष क्लबात लाँगस्वोर्ड, म्हणजे दोन्ही हातांनी धरायची जुनी युरोपीय तलवार, फिरवली की प्रश्न पडतोच: आपल्याला हे खरंच येतं का? रोजच्या चार भिडूंशी खेळून ते कळत नाही, त्यांच्या खोडी आपल्याला पाठ झालेल्या असतात. चारचौघांत उतरायचं तर दोन वाटा आहेत.

पहिली स्पर्धेची. स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला 2006 साली सुरू झालेली ‘स्वोर्डफिश’ त्यातली नावाजलेली. आधी गटातल्या लढती, मग बाद फेरी, बाजूला झेंडे धरलेले पंच. समोर अनोळखी माणूस उभा राहतो, हा मोठा फायदा. पण नियमावली वाचल्याशिवाय फी भरू नका. वार बसल्यावर समोरच्याने लगेच मारलेला उलटा वार (आफ्टरब्लो) मोजत असतील, तर मारून झाकत बाहेर पडणं शिकावंच लागतं. मोजत नसतील, तर लोक बिनधास्त उडी घेतात. शिवाय गटातच गारद झालात, तर मोजक्या छोट्या लढती आणि उरलेला दिवस बाकावर.

दुसरी वाट जुनी. सोळाव्या शतकात लंडनच्या ‘मास्टर्स ऑफ डिफेन्स’कडे, म्हणजे शस्त्रविद्येच्या गुरूंच्या संघाकडे, ‘स्कॉलर’चा (शिकाऊचा) ‘फ्री स्कॉलर’ (वरच्या पायरीचा शिष्य) व्हायचं, तर लोकांसमोर एकामागून एक लढावं लागे. बिशप्सगेटचं ‘बुल’, लडगेटचं ‘बेल सॅव्हेज’ अशा सरायांच्या अंगणात हे ‘प्राइझ’ चाले आणि त्यात लाँगस्वोर्ड हमखास असे. आज काही क्लब तसंच करतात, आणि जिंकलंच पाहिजे अशी अट सहसा नसते. सोपं वाटतं ना? मूठ कानाशी, टोक समोरच्याच्या तोंडावर रोखलेलं, हा ‘ऑक्स’ पवित्रा पहिल्या दोन लढतींत छान दिसतो. पाचवीत दीड किलोची फेडर (सरावाची बोथट तलवार) जड होते, कोपर आपसूक उतरतं आणि मास्कच्या माथ्यावर टण्‌कन बसते. फरीगदका खेळलेल्यांना हे सांगायला नको. खोट एवढीच, की तपासणारे आपलेच गुरुजी. हात राखून मारतात. बाहेरच्या क्लबातले दोघे-तिघे बोलवायला सांगा.

मी म्हणेन, आधी प्राइझ, मग स्पर्धा. दमल्यावर काय उरतं ते घरच्यांसमोर कळलेलं बरं.

हातमोज्यांत मात्र काटकसर नको, अंगठ्याचं कवच आधी बघा. माझा अंगठा तीन आठवडे पट्टीत होता, तोही ‘आज हळूच खेळू’ म्हणून सुरू केलेल्या शनिवारच्या सरावात.