जाहिरातीसाठी संगीत: मुदतीचा परवाना की हक्कांचे हस्तांतरण?

स्वतंत्र संगीतकाराची तयार धून जाहिरातीत वापरायची असेल, तर प्रताधिकार अधिनियम, 1957 नुसार दोन मार्ग उपलब्ध आहेत: ठरावीक वापराचा परवाना किंवा हक्कांचे हस्तांतरण. परवान्यात मालकी संगीतकाराकडेच राहते. ‘तीस सेकंद, फक्त यूट्यूब आणि इन्स्टाग्राम, सहा महिने’ इतके नेमके लिहिता येते आणि दिवाळीची जाहिरात मुदतीनंतरही चालवायची झाल्यास नवे मानधन ठरवावे लागते. हस्तांतरणात एकरकमी मोबदला मिळतो व कंपनीला पुन्हा विचारावे लागत नाही. मात्र तीच धून पुढे स्वतःच्या अल्बममध्ये घेण्यासाठी तिच्या निर्मात्यालाच परवानगी मागावी लागू शकते, आणि ही गोष्ट मला फार खटकते.

करार दोन्हींसाठी लेखीच हवा. कलम 19 नुसार हस्तांतरणात मुदत नमूद नसेल तर ती 5 वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कलम 30अ मुळे हेच परवान्यालाही लागू होते. म्हणूनच ‘सर्व माध्यमे, संपूर्ण जग, कायमस्वरूपी’ ही करारातील एक ओळ सही करण्यापूर्वी दोनदा वाचावी. रचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात, त्यामुळे दोन्हींचा उल्लेख स्वतंत्रपणे व्हायला हवा.

केवळ त्या ब्रँडसाठी नव्याने बांधलेल्या जिंगलपुरते हस्तांतरण मला मान्य आहे. आधीपासून श्रोत्यांपर्यंत पोहोचलेल्या गाण्यासाठी परवानाच द्यावा.