निकोटिनचे च्युइंगम आणि यवतेश्वरचा घाट : सोळा आठवड्यांचा अनुभव

सिगारेट सोडण्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारे निकोटिनचे च्युइंगम आणि त्याच्या जोडीला सरकारची मोफत दूरध्वनी सेवा, या दोहोंचा मी आधार घेतला आणि त्याच सोळा आठवड्यांत सातारा हिल हाफ मॅरेथॉनची, म्हणजे साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या सुमारे २१ किलोमीटरच्या शर्यतीची, तयारीही केली. च्युइंगमविषयी जे काही वाचायला मिळते ते पळणाऱ्या माणसाला समोर ठेवून लिहिलेले नसते आणि पळण्याच्या सरावाविषयी जे लिहिले जाते त्यात वाचक सिगारेट ओढत नाही असे गृहीत धरलेले असते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला. पुण्यात वेताळ टेकडीवरून पहाटे पळून खाली आल्यावर पहिल्या चहाबरोबर सिगारेट पेटवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि तीन वर्षे मीही त्यांच्यातलाच होतो.

माझे मत आधीच सांगतो. हे च्युइंगम कामाचे आहे आणि मी ते कोणालाही सुचवेन. मात्र ते कसे चघळायचे हे नीट कळल्याशिवाय विकत घेऊ नये, कारण चुकीच्या पद्धतीने वापरल्यास पोटाला त्रास होतो, तलफ तशीच राहते आणि माणूस ‘याने काही होत नाही’ म्हणून आठवडाभरात परत टपरीवर जातो. माझे जवळजवळ तसेच झाले होते.

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. दिवसाला ११ ते १२ सिगारेटी लागत आणि पहिली सिगारेट उठल्यावर साधारण तासाभराने होई. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांत येते आणि त्यांतले कोणते घ्यायचे हे बरेचसे त्या पहिल्या सिगारेटच्या वेळेवर ठरते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची गोळी आणि त्यानंतर लागत असेल तर २ मिलिग्रॅमची, असा सर्वसाधारण नियम आहे. मला २ ची गोळी चिठ्ठीविना मिळाली. ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब जास्त आहे किंवा ज्या स्त्रिया गरोदर आहेत त्यांनी २ ची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

मेडिकलमधल्या मुलाने पट्टी कागदात गुंडाळून दिली आणि सुटे पैसे परत केले. कसे खायचे हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पट्टीमागचा मजकूर इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत होता की चष्मा लावूनही तो वाचण्यासाठी मला खिडकीपाशी जावे लागले. पहिले चार दिवस मी ती गोळी लहानपणीच्या बबलगमसारखी सलग चावत राहिलो. परिणाम असा की घशात तिखट आग होई, उचक्या लागत आणि छातीत जळजळे. इतके करून तलफ मात्र जिथल्या तिथे.

पाचव्या दिवशी मी घरात उरलेल्या सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक लावला. हा क्रमांक २०१८ पासून देशातल्या तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापला जातो. मी तो हजारो वेळा हातात धरला असेल, पण वाचला त्या दिवशी पहिल्यांदा. फोनवर एक समुपदेशक बाई होत्या आणि त्या स्वच्छ मराठीत बोलत होत्या. त्यांनी उपदेश केला नाही. दिवसातली कोणती सिगारेट सोडणे सर्वांत अवघड जाते, हे त्यांनी आधी विचारले, मग च्युइंगमचा विषय निघाल्यावर शांतपणे म्हणाल्या, “दादा, ते चावायचं कमी आणि गालात ठेवायचं जास्त. मिरमिरलं की थांबायचं.”

पद्धत अशी आहे. गोळी आठ-दहा वेळा सावकाश चावायची. जिभेवर मिरीसारखी चव किंवा हिरड्यांना मुंग्या आल्यासारखे वाटले की चावणे थांबवून ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची. मिरमिर ओसरली की पुन्हा थोडे चावायचे आणि या वेळी दुसऱ्या बाजूच्या गालात ठेवायचे. असे अर्धा तास चालते. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जावे यासाठी ही सगळी खटपट असते. लाळेबरोबर गिळलेले निकोटिन पोटात जाऊन जळजळ आणि उचकी याखेरीज फारसे काही देत नाही.

सिगारेटच्या झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, तर गोळीतल्या निकोटिनला वीस ते तीस मिनिटे लागतात. त्यामुळे तलफ भडकल्यावर गोळी तोंडात टाकण्यात अर्थ नसतो. ती तलफेच्या नेहमीच्या वेळेच्या थोडी आधी घ्यावी लागते. माझी अवघड वेळ दुपारी साडेतीनची होती. मी सव्वातीनला गोळी घेऊ लागलो आणि त्या दिवसापासून हे च्युइंगम मला खऱ्या अर्थाने लागू पडले.

आता पळण्याकडे वळतो. आदल्या वर्षी याच शर्यतीत सातव्या किलोमीटरला मी चालू लागलो होतो. पोलीस परेड ग्राउंडवरून निघालेली ही शर्यत शहर सोडून यवतेश्वरच्या घाटाला लागली की वळणबिंदूपर्यंत, म्हणजे जिथून परत फिरायचे तिथपर्यंत, जवळजवळ चढच चढ असतो. त्या चढावर पाय दुखत नव्हते, दम संपत होता. त्यामागचे कारण मला पुढे कळले. सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तातून तो निम्मा निघून जायला चार-पाच तास लागतात. रात्री उशिरापर्यंत सिगारेट ओढून पहाटे घाट चढू पाहणाऱ्याच्या रक्तात प्राणवायूची काही जागा त्याने अडवलेलीच असते. हृदय जीव तोडून धावते आणि मांड्यांपर्यंत प्राणवायू मात्र पुरा पोहोचत नाही.

पळणाऱ्या माणसासाठी च्युइंगमचा सर्वांत मोठा गुण मला इथेच दिसतो. त्यात निकोटिन असते, पण धूर नसतो. धूर थांबल्यावर एक-दोन दिवसांत हा वायू रक्तातून जवळजवळ निघून जातो, मग तोंडात निकोटिनची गोळी असली तरी चालते. दुसऱ्या आठवड्याच्या रविवारी मी टेकडीचा नेहमीचा चढ न थांबता पार केला आणि वर पोहोचल्यावर बोलता आले. त्या दिवशी घड्याळातला वेळ काही विशेष नव्हता, तरी बोलता आले ही गोष्ट माझ्या कायमची लक्षात राहिली.

त्याच आठवड्यात खोकला मात्र वाढला आणि मी घाबरलो. सकाळी पळताना कफ सुटत होता, जो सिगारेट ओढत असताना इतका कधी सुटला नव्हता. श्वासनलिकेच्या आतून केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांचे काम कफ वर ढकलण्याचे असते. धुराने ते लुळे पडलेले असतात आणि धूर थांबल्यावर पुन्हा हलू लागतात, त्यामुळे काही आठवडे असा खोकला येतो, असे समुपदेशक बाईंनी समजावले. माझा खोकला तीन आठवड्यांत गेला. तो लांबला, रक्त पडले किंवा छातीत दुखले, तर सरळ डॉक्टरांकडे जावे.

च्युइंगम आणि सराव यांचा मेळ घालताना दोन गोष्टी मला स्वतःच्या चुकांतून शिकाव्या लागल्या. पहिली चूक म्हणजे मी पळायला निघण्याच्या दहा मिनिटे आधी गोळी घेत होतो. निकोटिनने हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आकसतात. ज्या संथ गतीला माझे ठोके एरवी १४० च्या आसपास असत, तिथे घड्याळ १५० दाखवू लागले. पळण्याआधीचा तास गोळीविना ठेवल्यावर आकडे पुन्हा जागेवर आले. शिवाय पळता पळता तोंडात गोळी ठेवणे धोक्याचे आहे, कारण जोराचा श्वास घेताना ती घशात जाऊ शकते. पळत असताना मला तलफ येतच नव्हती, ही गोष्ट वेगळी. ती पळून आल्यावर, बूट काढताना येई.

दुसरी चूक लिंबू सरबताची. रविवारच्या लांब पल्ल्यानंतर आमच्या गटातले एक ज्येष्ठ काका सर्वांसाठी मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत आणतात. मी ते पिऊन लगेच गोळी चघळत असे आणि नेमकी रविवारीच ती निकामी का ठरते हे मला कळत नव्हते. तोंड आंबट असले की निकोटिन तिथल्या त्वचेतून आत शिरत नाही, म्हणून सरबत, फळांचा रस, कॉफी किंवा शीतपेय घेतल्यानंतर पंधरा मिनिटे थांबावे लागते आणि गोळी तोंडात असताना पाण्याखेरीज काही घ्यायचे नसते. पळणाऱ्यांच्या बाटल्यांत बहुधा आंबटच काहीतरी असते, त्यामुळे ही सूचना पाकिटावर ठळक अक्षरांत असायला हवी असे मला मनापासून वाटते.

चहाचेही सांगायला हवे. धुरातल्या काही द्रव्यांमुळे सिगारेट ओढणाऱ्याचे यकृत कॅफिन लवकर निकामी करते. सिगारेट सुटली की तेच कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळते. च्युइंगम घेतल्याने यात फरक पडत नाही, कारण हा परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नव्हे. दिवसाला सहा कप चहा पिणारा मी तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजेपर्यंत जागा राहू लागलो आणि त्याचा दोष च्युइंगमला देत होतो. चहा तीन कपांवर आणल्यावर झोप परतली, आणि झोप परतल्याशिवाय सोळा आठवड्यांचा सराव निभावणे शक्य नव्हते.

पाचव्या आठवड्यात मी एकदा घसरलो. कार्यालयात वाद झाला, मी खाली टपरीवर गेलो आणि टपरीवाल्या दादांनी मला पाहताच, काही न विचारता, एक सिगारेट आणि लायटर पुढे केला. सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर त्या सहज मिळतात. मी ती ओढली. खिशात गोळ्यांची पट्टी होती आणि तिला हातही लावला नाही. या च्युइंगमची मर्यादा मला त्या संध्याकाळी कळली: निकोटिनची भूक ते भागवते, पण टपरीवर उभे राहण्याची, हातात काहीतरी धरण्याची, रागाच्या भरात दाराबाहेर पडण्याची सवय त्याच्या आवाक्यात येत नाही. दुसऱ्या दिवशी फोन सेवेकडून ठरल्याप्रमाणे विचारपूस झाली तेव्हा मी खरे सांगितले. बाई म्हणाल्या की एक सिगारेट म्हणजे सगळे वाया गेले असे धरू नका, दुपारी खाली उतरायचा जिना तेवढा बदला. मी मागच्या जिन्याने उतरून इमारतीभोवती दोन फेऱ्या मारू लागलो. त्यानंतर आजपर्यंत सिगारेट ओढलेली नाही.

खर्चाचे म्हणाल तर सुरुवातीला रोज आठ-नऊ गोळ्या लागत होत्या आणि तरीही तो खर्च माझ्या रोजच्या सिगारेटींहून कमी होता. चवीबद्दल फार चांगले लिहिता येणार नाही. पुदिन्याचा थर पाच मिनिटांत विरतो आणि मागे कडवट, तिखट रबर उरते. दाढेत भरण असलेल्यांना हे च्युइंगम चिकट आणि कडक वाटेल; माझा जबडा पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी दुखत असे.

गोळ्या कमी कशा करायच्या याचे वेळापत्रक चांगले आहे आणि ते पाळावे. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी आणि दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी एक, असे ते आहे. सरावाचा भार जसा वाढत गेला तशा माझ्या गोळ्या घटत गेल्या आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी त्या थांबल्या. स्वस्थ बसलेले असतानाचे माझे ठोके सुरुवातीला ७८ होते, ते तोवर ६६ वर आले होते. त्यात सरावाचा वाटा किती आणि सिगारेट सुटल्याचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. वजन तीन किलो वाढले, ते मी चालवून घेतले.

शर्यतीच्या पहाटे घाटात धुके आणि बारीक पाऊस होता. सातवा किलोमीटर आला तेव्हा आदल्या वर्षी जिथे चालू लागलो होतो त्या वळणाचा कठडा मला ओळखू आला. वेग कमी केला, पण थांबलो नाही. वळणबिंदूला स्वयंसेवक मुलांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो घेऊन उताराला लागलो आणि २ तास ३१ मिनिटांत शर्यत पुरी केली.

माझ्याकडे शेवटच्या पट्टीतल्या सहा गोळ्या उरल्या होत्या. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने सिगारेट सोडायचे ठरवले आहे. त्याला आधी २ ची गोळी चालेल का हे विचारून घेतले आणि मग पट्टीबरोबर एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दिले : सावकाश चावा, मिरमिरले की गालात ठेवा, आंबट प्यायल्यावर पंधरा मिनिटे थांबा, तलफेच्या पंधरा मिनिटे आधी घ्या. खाली १८००-११-२३५६ हा क्रमांक लिहिला.