चाकणची शिफ्ट की फाट्यावरचं दुकान

आयटीआय झालेली, चाकण-रांजणगावला दोन-तीन वर्षं काढलेली आपल्याकडची पोरं सुट्टीला आली की दुकानावर येऊन बसतात, चहा होतो, इकडचं तिकडचं होतं आणि मग हळूच विचारतात, दादा, इकडं यावं का? मी पावणेपाच वर्षं चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला होतो आणि 2023 च्या उन्हाळ्यापासून लातूर जिल्ह्यात औशाच्या पुढं एका फाट्यावर मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीचं वायंडिंग करायचं दुकान टाकून बसलोय, म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यालोय. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. ज्याच्या त्याच्या घरची परिस्थिती वेगळी, त्यामुळं माझंच बरोबर असं काही नाही.

पगार, पीएफ, कॅन्टीन, बस हे सगळं तुम्हाला माहितीये, ते सोडा. माझ्या हातात ओटी (ओव्हरटाइम) धरून तेवीस-चोवीस हजार पडायचे, मोशीला चौघांत रूम, मेस, गाडीचं पेट्रोल जाऊन घरी बारा-तेरा पाठवायचो. दुकानात एप्रिल-मेमधी कधी चाळीस सुटतात आणि ऑगस्टमधी आठसुद्धा सुटत नाहीत. पाऊस चांगला लागला की मोटरी बंद, मोटरी बंद म्हणजे आपण मोकळे, बसा मोबाईल बघत. त्यामुळं वर्षाची बेरीज केली तर मला वाटतं थोडं इकडंच जास्त पडतं, पण महिन्याच्या सात तारखेला टुंग करून मेसेज येतो ना, ते सुख इथं नाही. घरावर हप्ता असेल तर हा मुद्दा लई मोठा आहे, हसण्यावारी नेऊ नका.

काम कुठलं बरं म्हणाल तर चाकणला मशीन नवीन, शिस्त चांगली, सेफ्टी काय असते ते तिथंच कळलं. पण पावणेपाच वर्षांत मी पॅनेलमधला सेन्सर बदलणे आणि ब्रेकडाऊन स्लिप भरणे यापलीकडं फार गेलो नाही, मोठं काही झालं की कंपनीचा इंजिनिअर यायचा आणि आपण टॉर्च धरायचा. इथं पहिल्याच महिन्यात सहा इंची पाणबुडी मोटर उघडली आणि हात थरथरायला लागले, कारण चुकली तर ती बोअरमधी सहाशे-सातशे फूट खाली जाऊन पुन्हा वर काढायची, काढणं-सोडण्याची मजुरी पुन्हा, आणि शेतकरी तोंडावर बोलणार. पहिल्या वर्षी तीन मोटरी परत आल्या. दोनमधी माझीच चूक होती, पोली वायरचा (पाणबुडी मोटरीत भरायची प्लास्टिक आवरणाची तार) जॉइंट नीट बसला नव्हता, पाणी शिरलं. तिसरीत त्या भावानं स्टार्टरमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) काढून डायरेक्ट जोडणी केलेली, वरून लाईट आली की आपोआप मोटर चालू करणारा ऑटो स्विच, म्हणजे रात्री एक फेज गेला तरी मोटर आपली गुरगुरत बसणार आणि सकाळी जळका वास. आपल्याकडं थ्री फेज आला की शिवारातले सगळे एकदम चालू करतात, व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढती आणि गरम होऊन जाती. वाईट वाटतं पण त्याच्यावरच आमचं पोट आहे.

मधला एक पर्याय पोरं सांगतात, संभाजीनगरजवळचं वाळूज किंवा शेंद्रा. बजाज 1985 ला वाळूजला आली तेव्हापासून तिकडं आपल्या भागातले लोक आहेतच, आता ऑरिक ही नवी औद्योगिक वसाहत पण झालीय. परभणी-जालन्याच्या पोरांना ते खरंच घराजवळ आहे, आणि जालन्यात तर स्टीलच्या रोलिंग मिलवाल्यांना चांगला इलेक्ट्रिशियन लागतोच. पण औसा-निलंग्याच्या माणसाला संभाजीनगर काय आणि पुणं काय, गाडीत रात्र घालवायचीच आहे. लातूरजवळ हरंगुळच्या रेल्वे बोगी कारखान्याचं भूमिपूजन 2018 ला झालं तेव्हा आमच्या रूमवर पेढे वाटलेले, त्यातला एकजण अजून चाकणलाच आहे. लागलं तर सोन्याहून पिवळं, पण त्याच्या भरवशावर लग्न लांबवू नका.

लग्नाचा विषय निघालाच तर, इथं चाकण सरळ जिंकतं. "मुलगा पुण्याला असतो" या तीन शब्दांना आपल्याकडं जी किंमत आहे ती फाट्यावरच्या दुकानाला नाही. माझं एक जमत आलेलं स्थळ दुकान टाकलं म्हणल्यावर मोडलं, मुलीच्या मामानं विचारलं की पुढं काय करायचा विचार आहे, जसं काय हे काही करणं नाहीच. नंतर झालं लग्न, पण दीड वर्ष गेलं. हे आधी सांगितलं नाही असं नको व्हायला.

आता माझं कशामुळं ठरलं ते. पैशामुळं नाही, कामामुळं पण नाही. ट्रॅव्हल्समुळं.

आमच्या कंपनीला वीकली ऑफ गुरुवारी. पंधरा दिवसाला गावाकडं यायचं म्हणजे बुधवारी शिफ्ट सुटली की रूमवर येऊन आंघोळ करायची, हडपसरला जाऊन रस्त्याच्या कडेला बॅग धरून उभं राहायचं, गाडी नऊची म्हणून साडेदहाला येणार, टेंभुर्णीच्या अलीकडं कुठल्यातरी हॉटेलवर अर्धा तास थांबणार, मग बार्शी, येडशी, मुरूड, पहाटे लातूर, तिथून पहिली एसटी. घरी पोचून झोपलं की अकरा वाजतात. जेवायचं, शेतात एक चक्कर मारायची आणि चार वाजल्यापासून आईचं चालू, डबा किती देऊ, लोणचं भरू का. म्हणजे आलेल्या दिवशीच निघायची तयारी. संध्याकाळी कुणी भेटायला आलं तर अर्धं लक्ष घड्याळात. आणि शुक्रवारी पहाटे हडपसरला उतरून सातची फर्स्ट शिफ्ट. दिवाळीला तिकीट किती होतं ते मी लिहीत नाही, ते तुम्ही मोजलेलंच आहे.

असं पावणेपाच वर्षं चालवून घेतलं, माणूस चालवून घेतो. 2022 ची येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, शेतात पूजा करून पंगती बसतात तो आपला सण, मात्र शुक्रवारी आली, 23 डिसेंबरला. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या माणसाला येळवस सांगायला गेलं की तो म्हणतो अमावास्येला कसला सण. मी दोन आठवडे आधी एक दिवसाची सुट्टी टाकलेली, सुपरवायझर माणूस वाईट नव्हता पण डिसेंबर एंड, डिस्पॅचचं प्रेशर, आणि त्यानं विचारलं, "हा सण कॅलेंडरमध्ये आहे का?" सुट्टी नाही मिळाली. गुरुवारी मी घरीच होतो. रात्री घरात चूल पेटलेली, भज्जीसाठी ओला हरभरा, तूर, वाटाणा सोलून ठेवलेला, बाजरीचे उंडे, आंबिलीचं बिंदगं (घागर) एका कोपऱ्यात, चुलत्यांची पोरंबाळं सगळी गोळा झालेली, आणि त्या सगळ्यांच्या मधून मी बॅग घेऊन निघालो. बापू फाट्यापर्यंत गाडीवर सोडायला आले, काही बोलले नाहीत. लातूरहून निघालेल्या त्या गाडीत आम्ही पाच-सहाजणच होतो, उलट पुण्याकडून येणाऱ्या गाड्या भरभरून चाललेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमधी बसलो आणि भावानं शेतातल्या कोपीचा (पूजेसाठी कडब्याची केलेली खोप), पंगतीचा व्हिडिओ पाठवला. मार्चमधी राजीनामा दिला. कुणी म्हणेल एका जेवणासाठी नोकरी सोडली, म्हणू द्या.

इकडं आल्यावर दुसरा वैताग आहे, उधारी. पाहुणा मोटर घेऊन येतो, भाव करत नाही, आणि जाताना म्हणतो सोयाबीन झालं की देतो. सोयाबीन होतं, भाव पडतो, मग तूर निघू दे. माझे आजही साठेक हजार असे शिवारात पेरलेले आहेत. आता मी वायरचे पैसे आधी घेतो आणि मजुरी मागं ठेवतो, त्यानं निम्मा त्रास कमी झाला. लोनसाठी बँकेत चकरा मारायची तयारी ठेवा, मला मुद्रा या सरकारी कर्ज योजनेत दोन लाख मिळाले पण प्रत्येक चकरेला एक कागद नवीन निघायचा. पीएमईजीपी ही नवीन धंद्याच्या कर्जावरची केंद्राची योजना ग्रामीण भागात ओपनवाल्याला 25 टक्के आणि बाकीच्यांना 35 टक्के सबसिडी देतं, मोठं काही टाकणार असाल तर जिल्हा उद्योग केंद्रात आधी ते विचारा, मी घाई केली.

आणि भीती विचाराल तर दोन. एक दुष्काळ. पाणी खाली जाताना आमचा धंदा वाढतो, मोठी मोटर, जास्त पाइप, पण बोअरच आटलं की मोटर भरून करणार काय? 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं त्या वर्षी जुन्या मिस्त्र्यांनी काय केलं ते त्यांनाच विचारा. दुसरं सौर पंप, दहा टक्के भरून मिळतोय म्हणल्यावर लोक घेणारच, आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं. पण सहाव्या वर्षी तो शेतकरी कुठं जाणार? म्हणून मी आत्ताच त्यांचे कंट्रोलर उघडून बघायला शिकतोय, आणि खरं सांगू का, ते चाकणच्या पॅनेलमुळंच सोपं जातंय. ती वर्षं वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही, आयटीआय झाल्या झाल्या थेट दुकान टाकणाऱ्याला मी उलट दोन-तीन वर्षं तिकडं जाऊन यायलाच सांगतो.

तरी कुणाचं मन होत असेल तर राजीनामा आधी देऊ नका. एप्रिलमधी पंधरा दिवस काढून या आणि कुठल्याही दुकानावर फुकट बसा, माझ्याकडं बसलात तरी चालेल. आणि एकदा ऑगस्टमधी पण येऊन बघा, तेव्हा मी चहा पाजायला मोकळाच असतो. फक्त येळवसला येऊ नका, त्या दिवशी शटर बंद असतं.