पहिला स्पीडरन कशाचा: जुना मारिओ, मारिओ ६४ की पोर्टल?

स्पीडरन म्हणजे घड्याळ लावून गेम कमीत कमी वेळात संपवणं. पहिला कुठल्या गेमचा करावा, याचं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी चुकीच्या गेमपायी कुणाचा महिना जायला नको. हाताशी साधा लॅपटॉप आणि माऊस असेल तर पोर्टल. ग्लिच, म्हणजे गेममधली चूक वापरून काढलेली पळवाट, ही काय चीज आहे ते बोटांना कळावं असं वाटत असेल तर सुपर मारिओ ६४, त्यातही सोळा स्टार गोळा करून संपवायची कॅटेगरी, म्हणजे स्पर्धेचा प्रकार. आणि रात्री जेवणं आटोपल्यावर जेमतेम अर्धा तास मिळत असेल तर १९८५चा मूळ सुपर मारिओ ब्रदर्स.

विषय निघाला भाच्यामुळे. बारावीची परीक्षा संपली आणि पठ्ठ्या रात्र रात्र गेम्स डन क्विकचे व्हिडिओ बघत बसायला लागला. २०१०पासून अमेरिकेत चालू असलेला हा स्पीडरनचा मेळा. आठवडाभर दिवसरात्र रन चालतात आणि देणग्या कॅन्सर प्रतिबंधासाठी किंवा सीमापार काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला जातात. आजवर पाच कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली आहे. तर ते बघून भाचा म्हणाला, "मामा, मलाही करायचंय. सगळ्यात सोपा कुठला?"

मी म्हटलं, प्रश्नच चुकलाय. सोपा कुठलाच नाही. तू शंभरदा हरणार आहेस, तेव्हा कुठल्या प्रकारे हरलेलं तुला चालेल ते बघ. काही गेममध्ये अर्ध्या सेकंदाची चूक झाली की सरळ पहिल्यापासून. काहींत चूक निस्तरून पुढे जाता येतं. आणि काहींत चूक झालीय हे घड्याळ बघेपर्यंत कळतसुद्धा नाही.

जुना मारिओ

बत्तीस लेव्हलपैकी खेळायच्या फक्त आठ: १-१, १-२, तिथून वॉर्प करून (मधल्या लेव्हल गाळून) ४-१, ४-२, पुन्हा वॉर्प, मग ८-१ ते ८-४. नव्वदच्या दशकात घरी टीव्ही गेम आणि 'इतक्या हजार इन वन' छापाची कॅसेट असलेल्या कुणालाही १-२च्या छतावरून पळत त्या तीन पाइपांपर्यंत जाणं शिकवावं लागत नाही. म्हणजे अर्धा रस्ता आपल्याला शाळेपासून पाठ आहे. एक गंमत मात्र सांगायला हवी. मूळ गेम सेकंदाला साठ चित्रं (फ्रेम) दाखवणाऱ्या जपानी-अमेरिकी टीव्हीसाठी बनलेला. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला पन्नासवाले, आणि त्यांच्यासाठी निघालेली नकली यंत्रंही त्याच चालीची. त्यामुळे आपला लहानपणीचा मारिओ जवळजवळ सहाव्या हिश्शाने हळू पळत होता. आता खरा वेग पाहिला की पहिले दोन दिवस पहिल्याच खड्ड्यात पडायला होतं. माझं झालं.

या गेमचा सगळा कारभार 'फ्रेमरूल'वर चालतो. लेव्हल संपली की पुढची लगेच सुरू होत नाही. गेम दर २१ फ्रेमनी, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदांनी एकदा बघतो की कुणी पोचलंय का. रनर लोक याला बस म्हणतात. बस ठरल्या वेळीच सुटणार. तुम्ही स्टँडवर धापा टाकत आलात काय किंवा दहा फ्रेम आधी येऊन उभे राहिलात काय, बस तीच. म्हणून वर्षभर घासून लेव्हलमध्ये पाच फ्रेम वाचवल्या तरी घड्याळात शून्य फरक पडू शकतो. आणि एक फ्रेम उशीर झाला तर पूर्ण २१ गेल्या. फक्त ८-४ला ही भानगड नाही, तिथे प्रत्येक फ्रेम मोजली जाते.

आता ४-२चा ग्लिच. इथे वॉर्प झोनला जायचा सरळ मार्ग म्हणजे लपलेल्या ठोकळ्यांवर चढून वेल बाहेर काढायची आणि त्या वेलीवरून वर जायचं. वेल सावकाश चढावी लागते, तेवढे सेकंद गेले. थोडं पुढे एक पाइप आहे, पण तो नाण्यांच्या खोलीत नेतो. गेमकडे 'इथून आत शिरला तर कुठे पाठवायचं' याची नोंद ठेवायला जागा एकच. पडदा पुढे सरकत गेला की वेलीची नोंद पुसली जाते आणि तिच्या जागी पाइपाची बसते. मारिओ पडद्यावर नेहमी ठरावीक जागी असतो, त्यामुळे तो पाइपाशी पोचेस्तोवर नोंद बदललेली असतेच. पण उलटं तोंड करून उडी मारली आणि ठोकळ्याच्या कडेवर नेमकं आदळलं, की ठोकळ्यात अडकलेल्या मारिओला गेम पुढे ढकलून बाहेर काढतो, आणि पडदा तेवढा सरकत नाही. असं करून मारिओ आपल्या नेहमीच्या जागेपेक्षा काही पिक्सेल उजवीकडे आला, की तो पाइपात शिरतो तेव्हा नोंद अजून वेलीचीच असते. पाइप वॉर्प झोनमध्ये उघडतो. तलाठ्याच्या दप्तरात नाव चढायच्या आत जमीन विकल्यासारखं.

पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी पॉझ करून उठलो आणि पाणी पिऊन आलो. रन गेला, पण हरकत नव्हती.

हरण्याचं म्हणाल तर इथे ते फार कोरडं आहे. पूर्ण रन पाच-सहा मिनिटांचा, त्यामुळे चुकलं की रिसेट. तासाभरात तीस-चाळीस रिसेट सहज होतात. आणि एवढं सांभाळून चौथ्या मिनिटात ८-३ला पोचलात की हातोडे फेकणाऱ्या हॅमर ब्रदर्सच्या जोड्या उभ्या असतात. त्या कधी काय फेकतील ते तुमच्या हातात नाही. वरच्या टोकाला तर माणूस यंत्राच्या अंगाला घासायला लागलाय: २०२१मध्ये निफ्टस्की या रनरने ४ मिनिटं ५४.९४८ सेकंदांत गेम संपवून ४:५५चा उंबरा पहिल्यांदा ओलांडला. संगणकावर एकेक फ्रेम जुळवून तयार केलेला आदर्श रनही त्यापेक्षा एक सेकंदाने पुढे नाही. आपण या शर्यतीत नाही, हे पहिल्या आठवड्यात मान्य केलं की बरं असतं.

मारिओ ६४

१९९६चा गेम, एकूण १२० स्टार. इथे कॅटेगरींची शिडीच आहे: १२०, ७०, १६, १ आणि ०. सगळे १२० गोळा करायला जगातल्या अव्वल रनरलाही दीड तासाच्या वर लागतात. शून्य स्टारचा रन साडेसहा मिनिटांच्या आत होतो, पण तो नवख्याचं काम नाही.

स्टार न घेता गेम संपतोच कसा? त्याचं उत्तर जिन्यावर आहे. शेवटच्या बॉसकडे जाणारा जिना ७० स्टार नसतील तर संपतच नाही. कितीही चढा, गेम तुम्हाला गुपचूप खाली आणून ठेवतो. आता मारिओची लांब उडी बघा. प्रत्येक लांब उडीला गेम वेगाला दीडने गुणतो आणि पुढच्या दिशेने तो फार वाढू नये म्हणून ४८वर झाकण ठेवतो. मागच्या दिशेला झाकण ठेवायचं राहून गेलं. मागे वेग म्हणजे ऋण आकडा, आणि ऋण आकडा ४८पेक्षा मोठा कधी होणार? मग जिन्याकडे पाठ करून मागे लांब उडी मारायची. पायरी लगेच पायाखाली येते, वेग उतरायच्या आत पुन्हा ए बटण, पुन्हा दीडपट. दोन-तीन सेकंदांत मारिओ इतक्या वेगात जातो, की खाली आणून ठेवणारा पट्टा तो मधल्या मध्ये ओलांडतो. गेम एका फ्रेममध्ये मारिओची जागा चारदाच तपासतो. त्या चार तपासण्यांच्या मधून तो निसटतो. पायऱ्यांवर 'याऽऽहूयाहूयाहू' असा एकच आवाज घुमतो आणि तुम्ही दारात. याचं नाव बॅकवर्ड्स लाँग जंप, सगळे बीएलजे म्हणतात.

हे हाताने करताना जी मजा आहे ती व्हिडिओत नाही. ए बटण जलद दाबायचं, पण धांदरटपणे नाही; ढोलकीवर ठेका धरल्यासारखं. भाच्याला पहिल्या संध्याकाळी एकदाही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता सलग तीनदा जमलं.

सोळा स्टारमध्ये आणखी एक मस्त प्रकार आहे. तळघरात १५ स्टार झाले की मिप्स नावाचा ससा येतो. नाव कन्सोलच्या प्रोसेसरच्या जातीवरून. त्याला पकडायचं, ३० स्टारच्या दाराशी न्यायचं आणि अशा जागी खाली ठेवायचं की ठेवताना मारिओच दारापलीकडे सरकतो. पलीकडे एक स्टार घेतला की सोळा. जगातले अव्वल रन १५ मिनिटांच्या आत, नवख्याला पाऊण तास धरा.

हरणं इथे सौम्य आहे. स्टार हुकला तर दहा-पंधरा सेकंद जातात, रन जात नाही. पूर्ण करता येतो, आणि पहिले दोन महिने पूर्ण करणंच महत्त्वाचं. म्हणून माझं झुकतं माप इकडे.

एक खबरदारी घ्या. १९९७ला जपानमध्ये निघालेल्या शिंदोऊ आवृत्तीत बीएलजे बुजवला आहे, आणि २०२०चा निन्टेंडो स्विच कन्सोलवरचा थ्रीडी ऑल-स्टार्स संच त्याच आवृत्तीवर आहे. तो घेऊन जिन्यावर तासभर उड्या माराल आणि स्वतःला दोष द्याल.

(चमत्कार आवडणाऱ्यांसाठी: २०१३मध्ये टिक टॉक क्लॉक या लेव्हलमध्ये एका रनरचा मारिओ कारण नसताना क्षणात वरच्या मजल्यावर गेला. हे पुन्हा करून दाखवणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीस लागलं. उंचीच्या आकड्यातला एकच बिट उलटा केला तर अगदी तसंच होतं, एवढं कळलं. तो बिट अवकाशातून आलेल्या कणाने उलटला ही गोष्ट लोक छातीठोकपणे सांगतात. सिद्ध झालेली नाही. मला ती आवडते, पण पैज लावणार नाही.)

पोर्टल

२००७चा, संगणकावरचा, भिंतींवर दोन जोडलेली दारं उघडत खोल्या पार करायचा कोड्यांचा गेम. जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि सेलमध्ये बऱ्याचदा वडापाव-चहाच्या हिशेबात मिळतो. कंट्रोलर लागत नाही. साधा माणूस तीनेक तासांत संपवतो.

याचं वैशिष्ट्य म्हणजे ग्लिचचं प्रमाण आपण ठरवायचं. ग्लिचलेस म्हणजे सोवळ्यातला रन: हुशारी चालेल, लबाडी नाही. इनबाउंड्समध्ये ग्लिच चालतात, पण नकाशाबाहेर जायचं नाही. आउट ऑफ बाउंड्समध्ये भिंतीमागच्या पोकळीतून जायलाही मुभा, आणि तिथे अख्खा गेम सात मिनिटांच्या आत उरकतो. एकाच गेमचे तीन स्वभाव. ग्लिच म्हणजे फसवणूक असं ज्यांना मनातून वाटतं त्यांनी इथेच सुरुवात करावी. ग्लिचलेस महिनाभर खेळा, मग इनबाउंड्सचा एक रन बघा. नियम जिथल्या तिथे असतात, मोडतो तो फक्त आपला अंदाज.

त्यातला उलट्या उड्यांचा वेग तर सरकारी दुरुस्तीचा नमुना आहे. याच कंपनीच्या आधीच्या गेममध्ये लोक टुणटुण उड्या मारत वेग वाढवायचे. तो थांबवायला नियम आला: उडी मारताना वेग मर्यादेबाहेर असेल तर खेळाडूला, तो तोंड करून असेल त्याच्या विरुद्ध दिशेला ढकला. आता तुम्ही पाठ करून उड्या मारत असाल तर विरुद्ध दिशा म्हणजे तुम्ही चाललात तीच. दर उडीला गेम स्वतःच धक्का देतो. उपायच रोगापेक्षा वेगवान निघाला.

हरणं मात्र इथे गुपचूप होतं. मरायला होत नाही, एखादी उडी जराशी तिरकी लागते, वेग गळतो आणि टायमर बघितल्यावर कळतं की मागच्या खोलीत चार सेकंद सांडले. ज्यांना आपल्याच खेळाचं रेकॉर्डिंग परत परत बघायला आवडतं त्यांना हे जमेल. मला कंटाळा येतो.

सेलेस्टेचंही नाव पुष्कळ जण सुचवतील. २०१८चा गेम, टायमर गेममध्येच, मेलात तरी क्षणात पुन्हा उभे, आणि एकच अध्याय सुटा धावता येतो. सुरुवातीला उत्तम. पण त्यातल्या खास चालींपैकी एक बनवणाऱ्यांनी नंतरच्या अध्यायात स्वतःच शिकवली आहे. फटीतून चोरून आत शिरल्याचा आनंद तिथे कमी, असं आपलं मला वाटतं.

सामानाचा खर्च फारसा नाही. लाइव्हस्प्लिट हा टायमर आणि ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. पोर्टलला माऊस पुरे. दोन्ही मारिओंना तार असलेला कंट्रोलर घ्या. मोठ्या टीव्हीवर खेळणार असाल तर गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ विचार करून उडी मारतो. लीडरबोर्डवर, म्हणजे वेळांच्या जाहीर यादीत, वेळ टाकायची असेल तर कुठलं यंत्र, कुठला एम्युलेटर (जुनं यंत्र संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर), कुठली आवृत्ती चालते याचे नियम आधी वाचा. मी वाचले नाहीत, आणि आयुष्यातला सर्वांत चांगला रन पन्नास फ्रेमवाल्या आवृत्तीवर निघाला.

भाच्याने शेवटी मारिओ ६४ घेतला. सोळा स्टार, पहिला पूर्ण रन ५८ मिनिटं. त्यातली अकरा मिनिटं एकट्या सशाच्या मागे गेली.