बाँडचं घड्याळ, ट्रान्सफॉर्मर्सचं दूध

पडद्यावरची जाहिरात, म्हणजे सिनेमाच्या प्रसंगातच पेरलेली एखाद्या ब्रँडची वस्तू, जमली की नाही, याची कसोटी सोपी: ती वस्तू काढली तर प्रसंग कोसळतो का?

‘ट्रान्सफॉर्मर्स’मधली (2007) शेव्हरले कमारो या कसोटीला उतरते. गाडीचं रूप घेणारा यंत्रमानव बंबलबी म्हणजेच ती गाडी. मूळ कार्टूनमध्ये तो फोक्सवॅगन बीटल होता, पण बदल खटकत नाही. याच मालिकेचा 2014चा ‘एज ऑफ एक्स्टिंक्शन’ मात्र साफ घसरतो. टेक्सासमध्ये नायक चिनी बँकेच्या एटीएममधून पैसे काढतो, हाँगकाँगमध्ये धुमश्चक्री चालू असताना एक पात्र चिनी दुधाचा खोका पितं. इतकं करूनही चीनमधल्या वूलाँगच्या पर्यटन कंपनीने आपलं बोधचिन्ह दिसलं नाही म्हणून दावा ठोकलाच!

बाँडपटही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ‘गोल्डनआय’मध्ये (1995) बीएमडब्ल्यू झेड थ्रीतल्या क्षेपणास्त्रांचं वर्णन ऐकवतात, प्रत्यक्षात एकही सुटत नाही. ‘कसिनो रोयाल’मध्ये (2006) नायिका वेस्पर विचारते, ‘रोलेक्स?’ बाँड म्हणतो, ‘ओमेगा’. घड्याळ मनगटावर दिसतंच होतं. नाव उच्चारलं आणि चांगल्या रंगलेल्या जुगलबंदीत दुकानदार घुसला.